पराभूत मताचा इतिहास

इतिहास जेत्यांचा लिहिला जातो, ही तक्रार जुनी आहे. परंतु ती राजांच्या व लढायांच्या इतिहासापुरतीच खरी आहे अशी आपली समजूत असते. निवडणुकांचा इतिहासही ह्याच रीतीनें लिहिला जातो, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कोण निवडून आला, किती मताधिक्यानें आला, मंत्रिमंडळांत कोणास स्थान मिळालें, एवढें नोंदविलें कीं लेखकाचें काम संपतें. ज्या मतदारानें दर पांच वर्षांनीं उन्हांत उभें राहून पडणाऱ्या उमेदवारास मत दिलें, आणि असें एकदां नव्हे तर जन्मभर केलें, त्याची बखर कोणीं लिहावी? धाराशिव जिल्ह्यांत अशा मतदारांच्या तीन पिढ्या आम्हीं पाहिल्या आहेत. एक आमच्या वडिलांची, एक आमची, आणि एक आमच्या विद्यार्थ्यांची.

हा विषय आज घेण्यास निमित्त झालें तें तिसऱ्या पिढीचें. २०२४ हें दुहेरी निवडणुकांचें वर्ष होतें. मे महिन्यांत लोकसभेसाठीं आणि नोव्हेंबरांत विधानसभेसाठीं ह्या जिल्ह्यानें मतदान केलें. दुसरा निकाल लागल्यावर थोड्याच दिवसांनीं आमचा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो कळंबकडे एका शाळेंत शिक्षक आहे. जमीन, पाणी, मजुरी आणि सरकारी शाळा हेच राजकारणाचे खरे विषय, असें मानणाऱ्यांपैकीं तो आहे. चहा झाल्यावर तो म्हणाला, "सर, आतां पुरें झालें. ज्यांना आजवर मतें दिलीं ते उद्यां कोणत्या पक्षांत असतील हें त्यांनाही सांगतां येत नाहीं. जे उभे राहतात त्यांच्यांत माझ्या मनांतला प्रश्न विचारणारा एकही नसतो. आणि ज्या पंचायत समितीशीं माझा रोजचा संबंध, तिची निवडणूक तर होतच नाहीं. यापुढें मी मत द्यायला जाणार नाहीं."

त्यास तत्काळ उत्तर देणें आम्हांस साधलें नाहीं. अध्यापकाला शोभेल असा नागरिकाच्या कर्तव्याचा उपदेश करतां आला असता. परंतु त्याचें दुःख खरें होतें, आणि खऱ्या दुःखावर सुभाषिताचा लेप लावूं नये. म्हणून त्या दिवशीं जें सांगावयाचें राहून गेलें तें येथें सांगतों.

पहिली गोष्ट ही कीं, ज्या हक्काचा आमच्या ह्या तरुण मित्रास वीट आला आहे तो ह्या जिल्ह्यास फार उशिरां मिळाला. शेजारचीं सोलापूर व बार्शी हीं गांवें इंग्रजी अमलाखालीं होतीं. तेथें १९३७ सालीं प्रांतिक विधिमंडळाच्या निवडणुका होऊन लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. सरहद्दीच्या अलीकडे, निजामाच्या राज्यांत, १९३८ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेस जन्मास येतांच तिच्यावर बंदी आली, व ती १९४६ पर्यंत उठली नाहीं. मध्यंतरीं अय्यंगार समितीच्या शिफारशींवरून सुधारणांची एक योजना निघाली. तिच्यांत प्रतिनिधी प्रदेशावरून न निवडतां धंद्यांच्या वर्गवारीवरून निवडावयाचे होते. मुसलमान प्रजा आठव्या हिश्शाच्या आसपास असतांना हिंदु व मुसलमान यांच्या जागा समसमान ठेवल्या होत्या. आणि दिवाणाचें मंत्रिमंडळ सभागृहास जबाबदार नव्हतें. १९४६ सालीं ह्या योजनेखालीं निवडणुका झाल्या तेव्हां स्टेट काँग्रेसनें त्यांवर बहिष्कार टाकला.

हा बहिष्कार आमच्या विद्यार्थ्यानें नीट पाहावा असें आम्हांस वाटतें. मत न देणें ही देखील एक राजकीय कृति होऊं शकते, हें त्यावरून दिसतें. परंतु त्या बहिष्कारामागें एक संघटना होती, तुरुंगांत जाण्याची तयारी होती, आणि ह्याच जिल्ह्यांतील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत मुख्याध्यापकाचें काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखे नेते होते. स्वामीजींनीं संन्यास घेण्यापूर्वीं ना. म. जोशी यांच्या हाताखालीं मजूर-चळवळींत उमेदवारी केली होती. मतदान नाकारणें म्हणजे घरीं बसणें नव्हे, हें त्यांना शिकवावें लागलें नव्हतें. एकट्यानें आणि मुकाट्यानें घरीं बसण्याला बहिष्कार म्हणत नाहींत.

सप्टेंबर १९४८ मध्यें पोलिस कारवाई झाली व संस्थान भारतांत विलीन झालें. त्यानंतर साडेतीन वर्षांच्या आंत, १९५२ च्या आरंभापर्यंत चाललेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत, ह्या जिल्ह्यांतील प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत मिळालें. आमचे वडील तेव्हां बावीस वर्षांचे होते. त्या वेळीं प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे व तिच्यावर त्याचें चिन्ह चिकटविलेलें असे. आपली मतपत्रिका फटींत अडकून तर राहिली नाहीं ना, म्हणून आपण पेटी हळूच हलवून पाहिली, असें ते सांगत. ज्या उमेदवाराच्या पेटींत त्यांनीं ती टाकली तो शेतकरी कामगार पक्षाचा होता.

त्या निवडणुकीचे हैदराबाद राज्याचे आंकडे आज फारसे कोणाच्या स्मरणांत नाहींत. विधानसभेच्या १७५ जागांपैकीं काँग्रेसला ९३ मिळाल्या. कम्युनिस्टांनीं जी लोकशाही आघाडी उभी केली होती तिला ४२, समाजवाद्यांना ११, शेतकरी कामगार पक्षाला १० व शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला ५ जागा मिळाल्या. उरलेले १४ अपक्ष होते. काँग्रेसला पडलेलीं मतें सुमारें ४२ टक्के होतीं. म्हणजे दहांपैकीं जवळजवळ सहा मतदारांनीं दुसऱ्या कोणास तरी मत दिलें होतें, तरी निम्म्याहून अधिक जागा काँग्रेसकडे गेल्या. विरोधकांचे नेते व्ही. डी. देशपांडे हे मराठी गृहस्थ तेलंगणांतील इप्पगुडा मतदारसंघांतून निवडून आले होते; आणि उस्मानाबादच्या जागेवरून भाई उद्धवराव पाटील सभागृहांत गेले होते. येणेंप्रमाणें आमच्या वडिलांचें पहिलें मत जिंकलें. परंतु सरकार मात्र तें बनवूं शकलें नाहीं.

लोकसभेच्या बाबतींत तर तेंही समाधान नव्हतें. १९५२ पासून १९९१ पर्यंत प्रत्येक निवडणुकींत उस्मानाबादची जागा काँग्रेसनेंच जिंकली. १९९६ सालीं तो क्रम शिवसेनेनें मोडला. डाव्या विचाराचा एकही उमेदवार ह्या जागेवरून दिल्लीस पोहोंचला नाहीं. मतदानाचें वय एकवीसवरून अठरावर आल्यावर, १९८९ सालीं, आम्हीं आमचें पहिलें मत दिलें, तेंही पडलेल्या उमेदवारालाच. त्या संध्याकाळीं वडील म्हणाले, "वायां गेलें असें समजूं नकोस. मोजलें गेलें, एवढें पुष्कळ आहे." तेव्हां हें म्हणणें आम्हांस हरलेल्या माणसाचें समाधान वाटलें होतें. पुढें इतिहास शिकवितां शिकवितां त्यांतील अर्थ आमच्या ध्यानांत आला.

आम्ही वर्गांत इंग्लंडचा इतिहास शिकवितों. तेथील चार्टिस्ट मजुरांनीं १८३८ सालीं सहा मागण्यांची सनद तयार केली. प्रत्येक प्रौढ पुरुषास मत, गुप्त मतदान, सभासदत्वासाठीं मालमत्तेची अट नको, सभासदांस वेतन, समान मतदारसंघ आणि दरवर्षीं निवडणूक, अशा त्या मागण्या होत्या. पार्लमेंटनें त्यांचे अर्ज तीनदां फेटाळले. १८४८ नंतर चळवळ मोडली आणि तिचे पुढारी हास्यास्पद ठरले. तथापि पुढच्या सत्तर वर्षांत सहापैकीं पांच मागण्या एकेक करून कायद्यांत शिरल्या, आणि त्या मान्य करणारे लोक चार्टिस्ट नव्हते. जॉन स्टुअर्ट मिल्ल १८६८ सालीं वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकींत पडला. त्यानें आदल्याच वर्षीं स्त्रियांना मत द्यावें म्हणून मांडलेली सूचनाही पडली होती. १९१८ सालीं तीच सूचना अर्धी आणि १९२८ सालीं पूर्ण अमलांत आली. निवडणुकींत पडलेली गोष्ट इतिहासांतही पडलीच असें धरून चालणें बरोबर नाहीं.

आमच्या जिल्ह्यास हें कितपत लागू पडतें? ज्या कूळकायद्यानें मराठवाड्यांत संरक्षित कुळाला जमिनीवर पाय रोवूं दिला, तो १९५० चा कायदा काँग्रेसच्या बहुमतानें झालेला नाहीं. तेव्हां विधानसभाच नव्हती. परंतु तेलंगणांतील शेतकऱ्यांच्या उठावाची धास्ती त्यामागें होती, हें सर्वमान्य आहे. १९५४ सालीं त्या कायद्यांत महत्त्वाची दुरुस्ती झाली, तेव्हां विरोधी बाकांवर कुळांच्या बाजूनें बोलणारे पन्नासांहून अधिक सभासद बसलेले होते. १९५६ च्या नोव्हेंबरांत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला. पुढच्या वर्षींच्या निवडणुकींत संयुक्त महाराष्ट्र समितीचा जोर पश्चिम महाराष्ट्रांत होता. विदर्भ-मराठवाड्यानें काँग्रेसला तारलें आणि ३९६ पैकीं २३४ जागा तिला मिळाल्या. समिती हरली. उद्धवराव पाटील मात्र समितीच्या बाजूनें निवडून आले. आणि तीनच वर्षांत, १ मे १९६० रोजीं, हरलेल्यांची मुख्य मागणी जिंकलेल्यांनीं पुरी केली.

ह्याहून मोठें उदाहरण दुष्काळाचें आहे. १९७२ च्या विधानसभेंत काँग्रेसचे २७० पैकीं २२२ सभासद होते. शेतकरी कामगार पक्षाचे केवळ सात. पूर्वींच्या सभागृहांत ते एकोणीस होते. बेरजेच्या दृष्टीनें पाहिलें तर विरोधी पक्ष नाहींसाच झाला होता. त्याच वर्षीं पाऊस गेला. खडी फोडण्याच्या कामावर आमच्या गांवचीं घरेंच्या घरें गेलीं. पाटलाची सून आणि महारवाड्यांतील बाई एकाच ओळींत बसली, असें आमची आई सांगे. कामें पुरेशीं काढा, मजुरी वेळेवर द्या, ह्या मागण्यांसाठीं डाव्या पक्षांनीं राज्यभर मोर्चे नेले. रोजगार हमी योजनेचें जनकत्व वि. स. पागे यांच्याकडे जातें व तें योग्यच आहे. ते काँग्रेसचे होते. परंतु जी योजना होती ती १९७७ सालीं कायदा बनली, काम मागणें हा हक्क ठरला, आणि शहरांतील पगारदारांवर व्यवसाय-कर बसवून तिचा खर्च उभा राहिला. सरकारी कृपेचें हक्कांत रूपांतर झालें, त्यामागें त्या पराभूतांचा रेटा होता. २००५ सालीं देशभर तसा कायदा झाला, तेव्हां दिल्लींतील सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभें होतें.

येथवर वाचून आमचा विद्यार्थी म्हणेल, "सर, हें सगळें तुमच्या काळचें झालें." त्याचें म्हणणें रास्त आहे. कारण ह्या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे.

शेतकरी कामगार पक्षाचे विधानसभेंतील सभासद १९७८ सालीं तेरा होते, १९९० सालीं आठ, १९९९ सालीं पांच, आणि २०१९ व २०२४ सालीं एकेक. दोन्ही कम्युनिस्ट पक्ष मिळून २००४ च्या लोकसभेंत त्रेपन्न सभासद होते. २०२४ सालीं सहा उरले. ह्या ओहोटीचा सगळा दोष पैशावर, जातीवर किंवा वर्तमानपत्रांवर ढकलणें सोपें आहे. आम्हांस तें प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

पहिलें कारण पक्षाच्या घरांतलें. १९५० च्या दाभाडीच्या अधिवेशनांत पक्षानें मार्क्सवादाचा स्वीकार केला. पण चारच वर्षांत केशवराव जेधे काँग्रेसमध्यें परत गेले आणि पुढें शंकरराव मोरे यांनींही तीच वाट धरली. दुसरें कारण सहकाराचें. सोसायटीचें कर्ज, कारखान्याचा भाग, मुलाची कारकुनी आणि ऊस केव्हां तुटावयाचा ह्याचा निर्णय, ह्या सर्व दोऱ्या एकाच हातीं गेल्या. ज्या शेतकऱ्याचा ऊस फडांत वाळत उभा आहे त्यास विरोधी पक्षाचें तत्त्वज्ञान ऐकण्याची सवड नसते. एकेकाळीं विरोधी पक्षांत असलेल्या घराण्यांनींही सहकाराचा हा रस्ता धरला.

तिसरें कारण सांगतांना आम्हांस संकोच होतो, कारण तें आमच्या घराचें आहे. १९५९ सालीं आणि पुन्हां १९६४ च्या अखेरीस दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालीं भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक व गायरान जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्याची मागणी होती, आणि मराठवाड्यांतील दलित शेतमजूर त्यांत मोठ्या संख्येनें उतरले. कसेल त्याची जमीन हें तर आमच्या वडिलांच्या पक्षाचेंच वाक्य. पण आमच्या वडिलांची बारा एकर कोरडवाहू होती, आणि गांवच्या गायरानांत आमचीं गुरें चरत. ते त्या सत्याग्रहाला गेले नाहींत. पुढें गायरानावरील पालें उठविण्याचा अर्ज गांवानें केला, त्यावर त्यांची सही होती. जमीनदाराविरुद्ध जो मतदार डावा होता तो शेतमजुरासमोर आला कीं जमीनदार होई. मग त्या शेतमजुरानें आपलें मत दुसरीकडे नेलें, ह्यांत नवल तें काय? आमच्या बाजूचे पराभव सर्वच बाहेरून आलेले नाहींत.

ह्या जुन्या दोषांवर नव्या काळानें दोन नवे दोष चढविले आहेत. पहिला पक्षांतराचा. १९८५ सालीं पक्षांतरबंदीचा कायदा झाला. २००३ सालीं त्यांतील एकतृतीयांश फुटीची सवलत काढून टाकण्यांत आली. तरीही जून २०२२ मध्यें शिवसेना आणि जुलै २०२३ मध्यें राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, आणि मतदारानें ज्यांस एका बाजूनें पाठविलें होतें ते दुसऱ्या बाजूस जाऊन बसले. त्या वेळीं उस्मानाबादचे आमदार कैलास पाटील सुरतेच्या वाटेवरून रात्रीं माघारीं फिरले, कांहीं वाट पायीं चालले व मिळेल त्या वाहनानें मुंबईस आले, ही हकीगत त्यांनीं स्वतः सांगितली आहे. जिल्ह्यांत तिचें पुष्कळ कौतुक झालें. कौतुक योग्यच होतें. परंतु ज्या चिन्हावर निवडून आलों त्या चिन्हाबरोबर राहणें ही शौर्यकथा व्हावी, ह्यावरून इतरांविषयींची आपली अपेक्षा किती खालीं उतरली आहे तें दिसतें.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे आणि त्याची चर्चा अधिक कमी होते. १ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळाखोली, पाझर तलाव, दवाखाना, ह्यांविषयीं ज्याला जाब विचारावा असा माणूस त्यामुळें तालुक्याच्या गांवीं आला. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें तर मुदत संपण्यापूर्वीं नवी निवडणूक झालीच पाहिजे असें बंधन घातलें. असें असतांना मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ येथील जिल्हा परिषदेवर प्रशासक राहिला. आरक्षणाचा व प्रभागांचा वाद हें कारण होतें. पण त्या वादाची निकड कोणत्याच मोठ्या पक्षास भासली नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ६ मे २०२५ रोजीं चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला. तीही मुदत उलटली, आणि डिसेंबरांत नगरपरिषदांपासून प्रारंभ झाला. २०१८ सालीं केंद्र सरकारनें देशांतील मागासलेल्या जिल्ह्यांची जी यादी केली तींत महाराष्ट्राचे चार जिल्हे होते. गडचिरोली, नंदुरबार व वाशीम यांच्या जोडीला उस्मानाबाद. अशा जिल्ह्यांत लोकनियुक्त जिल्हा परिषदेची गरज अधिक कीं कमी? ह्याच काळांत, २०२३ सालीं, जिल्ह्याचें नांव बदलून धाराशिव झालें. कृष्णेच्या पाण्याचें आश्वासन मात्र प्रत्येक निवडणुकींत नव्यानें देण्यांत आलें.

आतां आमच्या विद्यार्थ्यास काय सांगावें? जिंकणाऱ्याला मत दे असें आम्ही सांगणार नाहीं. तो पैजेचा व्यवहार झाला. वरीलपैकीं कोणीही नाहीं, अशी नोंद करण्याची सोय २०१३ च्या न्यायालयीन निर्णयानें झाली आहे. तीही त्याला मोकळी आहे, कारण तीसुद्धां मोजली जाते. परंतु आमच्या वडिलांचें वाक्य आम्ही आज थोडें पुढें नेऊं. पराभूत मत मोजलें गेलें म्हणून उपयोगी पडलें असें नव्हे. त्या मताच्या मागें अंदाजपत्रक वाचून बोलणारा एक आमदार होता, दुष्काळांत मोर्चा होता, आणि दोन निवडणुकांच्या मधलीं पांच वर्षें भरून काढणारें काम होतें. जेथें त्यानें आपल्याहून गरीब माणसाला सोडलें तेथें तें खरोखरच वायां गेलें. मत देऊन घरीं बसणारा आणि मत न देतां घरीं बसणारा, ह्यांच्यांत आम्हांस फारसा भेद दिसत नाहीं.

हें आम्हीं त्याला पुढच्या भेटींत सांगितलें आणि गांवच्या ग्रामसभेपासून आरंभ कर असें सुचविलें. तो हंसला. म्हणाला, "सर, ग्रामसभेला माणसें जमत नाहींत. वहीवर सह्या घरोघर फिरून घेतात." आम्हीं विचारलें, "मग तुझ्या घरीं वही आली तेव्हां तूं काय केलेंस?" त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला, नंतर म्हणाला, "सही केली." आम्हांस गायरानाच्या अर्जावरील वडिलांची सही आठवली, आणि पुढें कांहीं बोलवेना.